नाण्याची पारख आणि नाण्याची वंशावळ



वेल्हे आणि भोर हा स्वराज्याच्या आरंभाचा मुलूख. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगडाचे बांधकाम झाले, असे परंपरेने सांगितले जाते. ते धन पूर्वी कोणाकोणाच्या हातांतून गेले होते, हे पाहण्याचे कारण नव्हते. कस उतरला की पुरे. पुढे पेशवाईत नाना टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. पोतदार त्यांचे वजन व कस पाही आणि हलक्या नाण्यावर बट्टा कापी. पारख होई ती धातूची, मालकांच्या साखळीची नव्हे.

2009 मध्ये आलेल्या बिटकॉइनने हा क्रम उलटा केला. येथे नाणे खोटे निघण्याची धास्ती जवळजवळ नाही. पण प्रत्येक देवघेव उघड्या खातेवहीत कायमची नोंदली जाते. पत्त्यामागील नाव वहीत नसते, एवढाच आडोसा. तो गळून पडला की माणसाचा सारा व्यवहार चव्हाट्यावर येतो. म्हणून 'मिक्सर' सेवा निघाल्या. अनेकांची नाणी एका डोहात सोडायची आणि तितकीच दुसऱ्या पत्त्यावर काढून घ्यायची. टोर्नेडो कॅश या सेवेत ईथरचा भरणा 0.1, 1, 10 किंवा 100 अशा ठरावीक रकमांतच होतो, म्हणजे आकड्यावरूनही माग लागू नये.

आपली मिळकत शेजाऱ्याला दिसू नये, ही इच्छा काही पाप नव्हे. परंतु त्याच डोहात चोरही उतरतो. 18 जुलै 2024 रोजी मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. चोरलेले ईथर पुढे टोर्नेडो कॅशमध्येच मिसळले गेले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. होरपळले ते सामान्य ठेवीदार. अमेरिकेने टोर्नेडो कॅशवर ऑगस्ट 2022 मध्ये घातलेले निर्बंध मार्च 2025 मध्ये उठवले. एक्स्चेंजचा संशय मात्र त्यामुळे फिटत नाही.

कारण 7 मार्च 2023 पासून भारतातील एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. ग्राहकाची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणे त्यांना बंधनकारक आहे. आलेल्या नाण्याचा मागील प्रवास संगणकाद्वारे तपासला जातो. नाणे थेट मिक्सरमधून आले असेल, तर भरणा अडकू शकतो आणि 'हे आले कोठून?' असा प्रश्न येतो. चार हात फिरून आले असेल, तर मिसळीचा अंश किती, यावर निर्णय ठरतो. आणि ही मर्यादा प्रत्येक एक्स्चेंजची निराळी.

नोकरीसाठी पुण्यास गेलेला गावाकडचा तरुण अनोळखी माणसाकडून मोबाइलवर 'स्वस्तात' नाणी घेतो, तेव्हा तो बट्टा कशाचा, हे त्याने आधी विचारावे. मिक्सरचे नावही न ऐकलेला हा मुलगा उत्तरे देण्यासाठी एकटाच उरतो; विकणारा केव्हाच पसार झालेला असतो. खरेदी करायचीच, तर वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवरच करावी. दर, दिवस आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा. 1 जुलै 2022 पासून लागू झालेली 1 टक्का करकपात अनेकांना जाचते, पण नाणे विकताना झालेल्या त्या कपातीची नोंद व्यवहाराचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.