कमी खर्चातला पोर्टफोलिओ

ग्राहकापुढे काम मांडायला छायाचित्रकाराला महागडा अल्बमच लागतो असे नाही. स्टेशनरीच्या दुकानातली पारदर्शक कप्प्यांची डिस्प्ले फाइल आणि पंधरा-वीस निवडक प्रिंट यांवर चांगले काम भागते. 8 बाय 12 इंचांचा प्रिंट सोयीचा. बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या चौकटीचे प्रमाण 3:2 असल्याने या आकारात फोटोची कड कापली जात नाही. 8 बाय 10 मध्ये ती कापली जाते आणि कडेला उभी असलेली करवली अर्धी होते. ए4 फाइलमध्ये 12 इंच मावत नाहीत, म्हणून फुलस्केप आकाराची फाइल घ्यावी. 300 डीपीआयने छापायला 2400 बाय 3600 पिक्सेल, म्हणजे सुमारे 9 मेगापिक्सेल पुरतात. कागद मॅट असावा. ट्यूबलाइटखाली ग्लॉसी कागद इतका चमकतो की चेहरेच दिसत नाहीत.

खरा कस लागतो तो निवडीत. लग्नाचे काम देणाऱ्यापुढे निसर्गचित्रे ठेवून उपयोग नाही. एकाच लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फोटो सलग दाखवले, तर मांडवातल्या अपुऱ्या उजेडातही हात कसा चालतो हे कळते. मात्र त्या कुटुंबाची परवानगी आधी घ्यावी. फोनवर पाठवायची पीडीएफ हलकी ठेवावी आणि पहिल्याच पानावर नाव, मोबाइल क्रमांक व दर स्पष्ट द्यावेत.