बिल्ला आणि मानचिन्ह



मानचिन्ह म्हटले की सिंह, गरुड, तलवार अशी पराक्रमाची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज ज्या प्रदेशाविषयी मला बोलावयाचे आहे, त्याच्या ढालीवर मात्र एक दिवा आणि रचलेले काही दगड आहेत. हा प्रदेश म्हणजे कॅनडाच्या उत्तर टोकाचा नुनावूत. विस्तार सुमारे २० लक्ष चौरस किलोमीटर. २०२१ च्या शिरगणतीत वस्ती अवघी ३६,८५८. बहुसंख्य लोक इनुइट. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्यांना एस्किमो म्हटले जाई, ते हे.

या लोकांच्या वाट्याला आलेले पहिले सरकारी चिन्ह ध्वजाचे नव्हते. ते होते गळ्यात घालावयाच्या बिल्ल्याचे. इनुइटांमध्ये आडनाव नसे. मृत आप्ताचे नाव नवजात बालकास देत आणि नावाबरोबर नातेही देत. आजीचे नाव लाभलेल्या मुलीला तिचा बाप ‘आई’ म्हणून हाक मारी. आजोबांचे नाव नातवाला देणाऱ्या आपणांस यातला जिव्हाळा समजावून सांगावयास नको. सरकारी कारकुनांना मात्र तो समजला नाही. १९४१ पासून प्रत्येकास नाण्याएवढा बिल्ला देण्यात आला; एका बाजूस राजमुकुट, दुसऱ्या बाजूस क्रमांक. पूर्वेकडच्यांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’. एब ओकपिक हे वायव्य प्रदेशांच्या कौन्सिलात बसलेले पहिले इनुइट सभासद. त्यांचाही क्रमांक होता. क्रमांकांच्या जागी आडनावे निवडावीत म्हणून १९६८ ते १९७१ या काळात गावोगाव हिंडले तेही हेच ओकपिक.

पुढे १ एप्रिल १९९९ रोजी नुनावूत हा स्वतंत्र प्रदेश झाला. ‘नुनावूत’ म्हणजे आमची भूमी. आता चिन्हे ठरविताना तेथील वृद्धांचा आणि कलावंतांचा विचार घेण्यात आला. ढालीवरचा दिवा म्हणजे ‘कुल्लिक’: मऊ दगडात कोरलेला, सीलच्या चरबीवर जळणारा. ऊब त्याची, अन्न शिजे त्यावर, ओले कपडे वाळत त्याच्यावर. आणि त्याची वात राखी घरातील स्त्री. दगडांची रचना म्हणजे ‘इनुकशुक’. झाड नसलेल्या, दिशा न कळणाऱ्या पठारावर तो वाट सांगतो, शिकारीची जागा दाखवितो. शेजारी कधीही न हलणारा ध्रुवतारा आहे. तो वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाचे प्रतीक मानला जातो. ढालीला आधार कॅरिबू आणि नारव्हाल यांचा. एक भूमीवरचा, दुसरा समुद्रातला. कॅनडाच्या ध्वजावरील मेपल या प्रदेशात उगवत नाही; म्हणून ही घरची चिन्हे त्यांना अधिकच मोलाची.

बिल्ल्यावरचा तो मुकुट गेला का? नाही. आजही तो मानचिन्हाच्या माथ्यावर आहे. पण तो आता बर्फाच्या घरावर, इग्लूवर बसविलेला आहे. खाली ब्रीदवाक्य आहे ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच लिपीत: आमची भूमी, आमचे बळ.

श्रोतेहो, बिल्लाही चिन्हच होता आणि ढालही चिन्हच आहे. बिल्ला माणसाचा क्रमांक सांगे. ढाल त्याचे घर सांगते. ढाल आली म्हणून बिल्ल्याची तीस वर्षे पुसली जात नाहीत, आणि केवळ चिन्हाने थंडीत घर उबदार होत नाही, हेही खरे. परंतु कोणत्याही राज्याचे चिन्ह पाहताना ते कोणाच्या सोयीसाठी घडले, एवढे आपण विचारावे. उत्तरेकडचे हे थोडके लोक आपल्याला तेवढे शिकवून जातात.