पोच द्या!

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माहिती तंत्रज्ञान आणि आपण'. तो मी बदलून घेतला, कारण जेवणाला अजून अवकाश आहे आणि मला तुम्हाला झोपवायचं नाही. मी बोलणार आहे सुडाबद्दल. घाबरू नका, सूड अगदी लहान आहे. ज्या संस्था आपल्याला तीन नंबरच्या खिडकीवरून सात नंबरला आणि सातवरून परत तीनला पाठवतात, त्यांच्यावर उगवायचा.

या सुडाचं शस्त्र आपल्याला याच शाळेनं दिलं. दहावीला मराठीच्या बाई पत्रलेखन घ्यायच्या. 'विषय' लिहिला नाही, अर्धा गुण गेला. 'संदर्भ' नाही, अजून अर्धा. बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, त्या अर्ध्या गुणाचे मला अठराशे रुपये मिळाले. कसे ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका एटीएममधून दहा हजार रुपये काढायला गेले. यंत्र घरघरलं, पावती आली, नोटा आल्या नाहीत. खात्यातून पैसे मात्र वजा. शाखेत म्हणाले, 'सिस्टीममध्ये दिसतंय, येतील.' फोन केला तर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य अकरा मिनिटं ऐकलं. पैसे तेविसाव्या दिवशी परत आले. घरचे म्हणाले, मिळाले ना, सोड आता.

पण रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं एक परिपत्रक आहे. खात्यातून रक्कम गेली आणि एटीएममधून नोटा आल्या नाहीत, तर पाच दिवसांच्या आत पैसे परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये. तेही ग्राहकानं मागायची वाट न बघता, बँकेनं आपणहून द्यायचे. तेवीस वजा पाच, अठरा. अठरा गुणिले शंभर.

मी पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, दिनांक, व्यवहार क्रमांक आणि गणित. उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल सदिच्छा म्हणून ५०० रुपये देत आहोत.' मी कळवलं, सदिच्छेबद्दल आभारी आहे, पण मला सदिच्छा नको, अठराशे हवेत. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. हे शेवटच्या ओळीत लिहिलं आणि तिसाव्या दिवसाची तारीख टाकली. एकोणतिसाव्या दिवशी पैसे जमा. मग मी मुद्दाम शाखेत जाऊन, रांगेत उभं राहून पासबुक छापून घेतलं. ती ओळ पिवळ्या पेनानं रंगवून ठेवली आहे. कोणाला बघायची असेल तर पर्समध्ये आहे.

हे असं का चालतं? तक्रारी नोंदवणाऱ्या सिस्टीम मी स्वतः लिहिल्या आहेत, म्हणून सांगते. संस्थेला कान नसतात, रकाने असतात. तुम्ही फोनवर ओरडलात, रडलात, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. लेखी तक्रार आली की तिला क्रमांक पडतो. क्रमांकाला मुदत असते. मुदत टळली की ती ओळ लाल होते आणि महिनाअखेरीला वरच्या साहेबांच्या अहवालात जाते. साहेबांना तुमचं दुःख दिसत नाही, लाल ओळ दिसते. म्हणून 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला आणि ती सुटलेली नसली, तर तोच क्रमांक घालून उलट लिहायचं. ओळ पुन्हा लाल!

सरकारी कचेरीसाठी माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. कारण नसताना माहिती अडवली तर माहिती आयोग त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. बाई, हा नियम तुम्हीच केला असणार!

या क्षेत्रातले थोर लोक वेगळेच. मथुरेच्या एका वकिलांकडून १९९९मध्ये रेल्वेच्या तिकीट खिडकीवर दोन तिकिटांचे ७० ऐवजी ९० रुपये घेतले गेले. ते वीस रुपयांसाठी ग्राहक न्यायालयात गेले, शंभरावर तारखा झाल्या आणि २०२२मध्ये जिंकले. वीस रुपये व्याजासकट, वर १५,००० रुपये. कोट्याचे एक इंजिनिअर रद्द केलेल्या तिकिटावर जादा कापलेल्या ३५ रुपयांसाठी भांडले. रेल्वेनं ३३ परत केले. मग ते उरलेल्या दोन रुपयांसाठी आणखी तीन वर्षं भांडले. शेवटी रेल्वेला सुमारे २ लाख ९८ हजार प्रवाशांचे मिळून २ कोटी ४३ लाख रुपये परत करायचं ठरवावं लागलं. माझ्याच पेशातला माणूस, म्हणून मला विशेष अभिमान.

आता एक गोष्ट आईची. तिच्या हातची गुळाची पोळी तुमच्यापैकी निम्म्यांनी माझ्या डब्यातून पळवली आहे. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बाबांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी ती बँकेत जाऊन सही करून आली. पोच मागितली तर म्हणाले, 'कशाला हवी आजी, झालं तुमचं काम.' जानेवारीत पेन्शन बंद. म्हणे दाखला आलेलाच नाही. डिजिटल दाखला करायला गेलो तर बोटांचे ठसे उमटेनात. पन्नास वर्षं भांडी घासलेली बोटं ती, ठसे राहणार कुठून?

तीन महिने पेन्शन नव्हती. मी पैसे देत होते आणि ती घेतही होती. पण दूधवाल्याचे पैसे द्यायच्या आधी ती मला फोन करून विचारायला लागली, 'देऊ का गं?' आयुष्यात तिनं पैसे खर्चायला कोणाला विचारलं नव्हतं. बँकेनं तिची पेन्शन नंतर फरकासकट दिली. त्या 'देऊ का गं'ची भरपाई कुठल्या परिपत्रकात नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मी पत्र लिहिलं. संदर्भ : रिझर्व्ह बँकेच्या ९ नोव्हेंबर २०१७च्या सूचना. सत्तरीपुढच्या ग्राहकाचा हयातीचा दाखला घरी येऊन घेण्याची सोय बँकेनं करायची आहे. दोन स्मरणपत्रं लागली. मग एका दुपारी बँकेचे एक अधिकारी आले. आईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते दारात धापा टाकत उभे. आईनं आधी पाणी दिलं, खुर्ची दिली. मग चष्मा लावून म्हणाली, 'साहेब, तुम्ही बँकेचेच कशावरून? काही पुरावा?' त्यांनी ओळखपत्र काढलं. तिनं त्यावरचा फोटो चेहऱ्याशी दोनदा ताडून पाहिला. सही झाली, ते उठायला लागले, तशी म्हणाली, 'आणि पोच?' त्यांनी पोच लिहून दिली. त्यानंतरच चहा झाला. ती पोच अजून देवघरात, पंचांगाखाली आहे.

एक पथ्य मात्र पाळायचं. खिडकीमागच्या माणसावर राग काढायचा नाही. आईचा दाखला हरवणारे हे गृहस्थ नव्हते. माझ्या एटीएमच्या प्रकरणातही 'मॅडम, लेखी द्या' असं हळूच सुचवणारा काउंटरवरचाच एक मुलगा होता. अठराशेतले पाव किलो पेढे मी त्यालाच दिले.

आपण आता अशा वयात आहोत की आईवडिलांचे कागद आपल्या कपाटात आले आहेत. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बाकावर बसलेली असेन. ज्याचं कुठे अडलं असेल त्यानं यावं, पत्राचा मसुदा फुकट करून मिळेल. संदर्भ मी शोधीन, तारखा मात्र तुम्ही आणायच्या. आणि शुद्धलेखन बाई तपासतील.