बारीक अंगातली लपलेली चरबी

कामं हाताखाली असतील तर असू द्या, कान इकडं द्या.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि आम्ही शिवणकामाची टेप बाहेर काढली. प्रत्येकीच्या कमरेचं माप घ्यायचं ठरलं होतं. पण पुढं कोण येणार? जी ती पदर ओढून हसायला लागली. शेवटी आमच्यातली सगळ्यात बारीक बाई उठली. वजन 48 किलो, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात अशी. म्हणाली, "माझंच घ्या, मला काय भ्यायचंय?" माप आलं 86 सेंटिमीटर. आम्हाला वाटलं टेप वाकडी धरली. पुन्हा घेतलं, पुन्हा 86.

आपल्याकडच्या बायकांसाठी ही मर्यादा 80 सेंटिमीटर आहे, म्हणजे साडेएकतीस इंच. पुरुषांसाठी 90.

हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं, हे आम्ही रोज बघत होतो. तीन बाळंतपणं झाली, पोट सुटणारच, असं तीही म्हणायची आणि आम्हीही. दोन वर्षं ती रात्री तीन-तीनदा लघवीला उठत होती, दुपारी गळून जात होती. दवाखान्यात जाऊन ताकदीच्या गोळ्या घेऊन आली. साखर तपासा असं तिला कुणी म्हटलं नाही. शुगर जाड्या माणसांना होते, असं सगळेच धरून चालतात. मापानंतर आशाताईंनी तिला तपासणीला नेलं. उपाशीपोटीची साखर 168 निघाली. 126 पासून पुढं मधुमेह धरतात.

आता ही चरबी असते कुठं ते सांगतो. दंडाची, पोटाची कातडी चिमटीत धरली की हाताला लागते ती वरची चरबी. दुसरी चिमटीत येत नाही. बोकड कापल्यावर आतड्याभोवती पांढरी जाळी दिसते ना, तशीच ती आपल्याही पोटात आतड्याभोवती असते. थोडी हवीच, ती आतल्या अवयवांना आधार देते. पण वाढली की त्रास सुरू होतो. या चरबीतून सुटलेले स्निग्ध पदार्थ थेट यकृतात जातात. दारूचा थेंब न घेणाऱ्या बाईच्या यकृतातही मग चरबी साठते. इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकेनासं होतं आणि साखर रक्तातच राहते. जोडीला रक्तदाब वाढतो, हृदयाचा धोका वाढतो. मांड्यांवरची, नितंबांवरची चरबी एवढं नुकसान करत नाही. पाळी जायच्या वयात मात्र चरबी पोटाकडं सरकते. म्हणून पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी जास्त लक्ष द्यायचं.

हे आपल्याच मुलखात अभ्यासलं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं तपासली. बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. पुढं 2004 साली याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच. अंगातली चरबी इंग्रजाची 9 टक्के, याज्ञिकांची 21 टक्के. म्हणजे काट्यावर उभं राहून हे कळत नाही.

तालुक्याला एका शिबिरात आमच्यातल्या दोघी मशीनवर उभ्या राहिल्या होत्या. पोटातली चरबी इतकी, शरीराचं वय अठ्ठावन्न, असे आकडे सांगून प्रत्येकीच्या गळ्यात हजाराच्या वर किमतीचा डबा मारला. ते मशीन तळपायातून बारीकसा करंट सोडून अंदाज बांधतं. पाणी जास्त प्यायलेलं असलं, कमी प्यायलेलं असलं, तरी आकडा हलतो. त्यापेक्षा आपली टेप बरी.

माप घ्यायची रीत नीट ऐका. परकराची नाडी बांधतो ती जागा नव्हे, ती खाली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, साडीवरून नाही. सरळ उभं राहायचं, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. (सगळ्या ओढतात, आम्हीही ओढलं.) टेप नसेल तर सुतळी घ्या. आपल्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि ती दुमडलेली सुतळी कमरेभोवती गुंडाळा. टोकाला टोक पोहोचलं नाही तर तपासणीला जा. गरोदर बाईचं माप घ्यायचं नाही. आणि पोट महिन्या-दोन महिन्यांत एकाएकी वाढलं, फुगून कडक झालं, तर ती चरबी समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

ही चरबी हटते, आणि वजन उतरायला लागलं की वरच्या चरबीच्या आधी ती हलते. पट्टे बांधून किंवा नुसते पोटाचे व्यायाम करून नाही. दम लागेल असं भरभर चालायचं, रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. कुणी म्हणेल, आम्ही राबतो की. राबतो, पण पाणी नळाला आलं, दळण गिरणीत गेलं. ते चांगलंच झालं. जातं परत आणा म्हणणारा भेटला तर त्यालाच दळायला बसवा.

चहाचा हिशोब मात्र करा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे. महिन्याला सव्वा ते दीड किलो साखर एका बाईच्या पोटात जाते. आणि ताटाचंही बघा. शेवटी जेवणारीला उसळ संपून नुसता रस्सा उरतो, मग भूक भाकरीवर, भातावर भागते. साखर वापरतात ते स्नायू, आणि ते धरायला डाळ, मटकी, अंडं, दूध लागतं. म्हणून आमच्या काही घरांत आता उसळीची एक वाटी आधीच काढून झाकून ठेवतात. सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. मग त्यांचंही माप घेतलं, 93 आलं. आता दोन वाट्या झाकतात.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकीसाठी आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहे. तो अंदाजानं भरू देऊ नका. साखर आणि रक्तदाब सरकारी केंद्रात फुकट तपासतात.

आमची ती मैत्रीण आता गोळ्या घेते आणि पहाटे चौघींना उठवून पाझर तलावापर्यंत चालायला नेते. टेप गटाच्या पेटीत, पासबुकांशेजारी ठेवली आहे. तिचं पुढचं माप पौर्णिमेच्या बैठकीत घ्यायचं आहे.