फोटोंच्या फोल्डरला नाव कसे द्यावे?

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)

आरती झाली आहे, प्रसाद वाटायचा आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

गेली काही वर्षे आम्ही दोघे-तिघे मंडळाचे फोटो सांभाळतो. म्हणजे सांभाळतो असे आम्हाला वाटत होते. गेल्या वर्षी विसर्जन झाले, पितृपक्ष लागला आणि गल्लीतल्या एक वहिनी आल्या. भाऊ चैत्रात गेले होते. फ्रेमला लावायला घरात धड फोटो नव्हता, आधार कार्डावरचा तेवढा होता. "तुमच्याकडे आरतीतला असंल ना भाऊ?" असणारच. दरवर्षी लेझमीत पुढे तेच असायचे.

संगणक उघडला. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'गणपती', 'गणपती फायनल', 'मोबाईलमधले सगळे'. तीन संध्याकाळी गेल्या तेव्हा एक फोटो सापडला, तोही गुलालाने माखलेला आणि अर्धा चेहरा पताकेआड. ज्या वर्षी ते जोडीने आरतीला बसले होते, त्या वर्षीचे फोटो गेलेच होते. दोन कॅमेऱ्यांचे फोटो आम्ही एकाच फोल्डरमध्ये ओतले होते. कॅमेरा फोटोंना क्रमांक देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून. दोन्हीकडे तेच क्रमांक निघाले, संगणकाने विचारले "जुन्याच्या जागी नवीन ठेवू का?" आणि आम्ही घाईत हो म्हटले. वहिनींना हे सांगायला आम्हीच गेलो. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवला.

गंमत म्हणजे आमची नोकरी सरकारी. उन्हाळी वादळात केळी आडवी झाली की नुकसानीचे फोटो निघतात, तेव्हा खसरा क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, तारीख, सगळे लिहिले जाते. घरच्या फोटोंना मात्र काहीच नाही.

ही अडचण आजची नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यांचा संग्रह धुळ्याला आहे, आपल्यापासून फार लांब नाही. जुन्या मोडी पत्रांत पुष्कळदा महिना आणि चंद्राची तारीख असते, पण वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीत होते, मग लिहायचे कशाला? पुढे अभ्यासकांना मजकुरातली माणसे आणि मोहिमा पाहून वर्ष ठरवावे लागले. आपले फोटोही तसेच आहेत. आज सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी लिहीत नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. कार्डातून फोटो संगणकात घेतानाच नाव द्यायचे. "नंतर देऊ" म्हटले की संपले. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे प्रसंग आणि गाव: '२०२५-०८-२७ स्थापना दापोरा'. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र गोळा होतात. आठव्या महिन्याला ०८ लिहायचे, नाहीतर काही ठिकाणी दहावा महिना आठव्याच्या आधी येऊन बसतो. इथे छपाईत मराठी आकडे आहेत, संगणकावर इंग्रजी आकडे टाका. काहीही टाका, पण सगळीकडे एकच ठेवा.

नुसत्या महिन्यावर फोल्डर पाडू नका. २०२२ मध्ये स्थापना ३१ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला. महिन्याप्रमाणे ठेवले की बाप्पा ऑगस्टमध्ये आणि विसर्जन सप्टेंबरमध्ये. म्हणून वर्षाचा मोठा फोल्डर, त्यात 'गणेशोत्सव', त्यात दिवस. दोन कॅमेरे असतील तर दिवसाच्या आत ज्याचा कॅमेरा त्याच्या नावाचा वेगळा फोल्डर. आमचा धडा तोच.

माणसांच्या नावाने फोल्डर करू नये असे आमचे मत आहे. एका फोटोत दहा जण असतात, तो कोणाच्या फोल्डरात घालणार? फोल्डर प्रसंगाचा, आणि कोण कोण आहे ते त्याच फोल्डरमधल्या एका कागदात लिहायचे, डावीकडून उजवीकडे.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोचे नाव पाहून तारीख ठरवू नका. त्यात बहुधा फोटो आल्याची तारीख असते, काढल्याची नाही, आणि फोटोच्या पोटातली मूळ माहितीही निघून जाते. आम्हाला पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेऱ्याचे घड्याळही एकदा तपासा. जुने फोटो स्कॅन केले तर संगणक स्कॅनची तारीख धरतो, तिथे सरळ '१९९४ अंदाजे' असे लिहा. अंदाज चुकला तर दुरुस्त करता येतो, कोरी जागा कोण दुरुस्त करणार?

आणि दोन जागी उतरवून, चार-पाच फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही.

आमच्याकडे अजून तीनेकशे फोटो बिननावाचे पडून आहेत. विसर्जनानंतरच्या रविवारी संध्याकाळी ते इथेच पडद्यावर लावणार आहोत. ज्यांना जुनी माणसे ओळखता येतात त्या आजी-आजोबांनी जरूर यावे, चष्मा घेऊन. वही आणि चहा मंडळाकडून. वहिनींनाही सांगितले आहे, त्या येते म्हणाल्या आहेत.

गणपती बाप्पा मोरया!