खेळ की अभ्यास?
(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज मी तुम्हाला एका बास्केटबॉल खेळाडूची गोष्ट सांगणार आहे. आपल्या इंदुरात रेसकोर्स रोडवर बास्केटबॉल वर्षानुवर्षे खेळला जातो, त्यामुळे हा खेळ आपल्याला नवा नाही. खेळाडू मात्र अमेरिकेचा आहे. त्याचे नाव बिल ब्रॅडली.

ब्रॅडलीचा जन्म १९४३ साली मिसूरी राज्यातल्या क्रिस्टल सिटी या छोट्या गावात झाला. वडील बँकेत. मुलगा शाळेतून आला की रोज काही तास एकटाच सराव करायचा. बुटांत शिशाची वजने घालायचा. खुर्च्या मांडून त्यांच्यामधून चेंडू न्यायचा. चेंडूकडे बघायची सवय लागू नये म्हणून चष्म्याच्या खालच्या बाजूला पुठ्ठा लावायचा.

शाळा संपली तेव्हा फी माफ करून घ्यायला पंचाहत्तरच्या आसपास कॉलेजे तयार होती. त्याने निवडले प्रिन्स्टन, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही! पहिल्या वर्षी तिथला अभ्यास त्याला जड गेला. त्याने खेळ सोडला नाही आणि अभ्यासही सोडला नाही. जशी मैदानावर बैठक मारली होती, तशीच ग्रंथालयात मारली.

१९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक मिळवले. १९६५ मध्ये राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत प्रिन्स्टन उपांत्य सामना हरले, पण तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ब्रॅडलीने एकट्याने ५८ गुण केले. तीन वर्षांत त्याचे एकूण २,५०३ गुण झाले. आणि याच काळात इतिहास विषयात त्याने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या १९४० सालच्या सिनेट निवडणुकीवर प्रबंध लिहून सन्मानाने पदवी घेतली.

आता खरी परीक्षा. न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. पैसा समोर होता. पण ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली होती, म्हणून तो दोन वर्षे ऑक्सफर्डला शिकायला गेला. परतल्यावर निक्सकडून दहा वर्षे खेळला. १९७० आणि १९७३ अशी दोन अजिंक्यपदे मिळवली. खेळ थांबल्यावर न्यू जर्सीतून सिनेटवर निवडून गेला आणि १९७९ पासून १८ वर्षे तिथे राहिला.

पालकहो, तुम्ही म्हणाल, असे ब्रॅडली लाखांत एक. कबूल. आपली बहुतेक मुले कॉलेजच्या पुढे खेळणार नाहीत. पण एकच शॉट शंभर वेळा मारायची सवय लागली, की न सुटलेले गणित पुन्हा सोडवायला कंटाळा येत नाही. पदक नाही मिळाले तरी ही सवय राहते.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? चूक केलेल्या बापाच्या. माझी मुलगी रोज संध्याकाळी खेळायला जायची. दहावीला मीच तिचे बूट माळ्यावर टाकले. वाटले, मार्क वाढतील. वाढले नाहीत. ते दोन तास मोबाइलमध्ये गेले आणि चिडचिड वाढली ती वेगळीच. परवा गणपतीची आरास काढायला माळ्यावर चढलो, तेव्हा ते बूट हाती आले. तिला घालून पाहायला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, आता होत नाहीत."

तेव्हा पालकहो, मुलांचा अभ्यास जरूर घ्या, वेळापत्रक लावा, पण त्यात मैदानाचा एक तास राहू द्या. आणि मुलांनो, तो तास मिळाला तर वाया घालवू नका. विसर्जन झाले की मी मुलीबरोबर नवे बूट घ्यायला जाणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!