चाळणी यंत्राची, निवड माणसाची



घरात आलेले धान्य आधी चाळले जाते, मग सुपात पाखडले जाते आणि शेवटी ताटात पसरून निवडले जाते. चाळणे, पाखडणे ही हातांची कामे. निवडणे हे नजरेचे काम. माणसांच्या बाबतीतही मराठी भाषा ‘निवड’ हाच शब्द वापरते, हे अर्थपूर्ण आहे. नोकरभरतीच्या कामात संगणकीय स्वयंचलन आता सर्वत्र आले आहे. ते स्वीकारावे की नाकारावे, हा प्रश्न मागे पडला आहे. भरतीतील कोणते काम यंत्राकडे सोपवावे आणि कोणते माणसाने स्वतःच्या हाती ठेवावे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

प्रथम या कामाचा भार किती, ते पाहू. भारतीय रेल्वेने २०१८ साली सहायक लोको पायलट, तंत्रज्ञ आणि गट ‘ड’ यांच्या सुमारे १ लाख २७ हजार पदांसाठी भरती केली. अर्ज आले सुमारे २ कोटी ३७ लाख. म्हणजे एका पदामागे १८६ हून अधिक. एकेका अर्जावर केवळ दोन मिनिटे खर्च करायची, असे ठरवले तरी रोज आठ तास आणि वर्षाकाठी २५० दिवस काम करणाऱ्या एका माणसाला तेवढे अर्ज वाचायला सुमारे ३९५ वर्षे लागली असती. अर्ज संगणकावर स्वीकारणे आणि परीक्षाही संगणकावर घेणे, याखेरीज येथे दुसरा व्यवहार्य मार्गच नव्हता.

याच बाजारपेठेची दुसरी बाजू याच्या नेमकी उलट आहे. तेथे अर्जदार पुष्कळ असले तरी हवा तो माणूस टिकत नाही. मार्च २०२२ मध्ये संपलेल्या वर्षात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण इन्फोसिसमध्ये २७.७ टक्के, तर टीसीएसमध्ये १७.४ टक्के होते. अशा काळात चांगल्या उमेदवाराच्या हाती एकाच वेळी दोन-तीन नियुक्तिपत्रे असतात. अर्जांची छाननी रेंगाळली, मुलाखतीची तारीख कळवायला आठवडा लागला, की तो उमेदवार दुसरीकडे रुजू झालेला असतो. मोठ्या कंपन्यांना हा फटका सोसतो. चाकण वा वाळूजच्या लहान कारखान्यात मात्र भरती पाहणारा माणूसच हजेरी, भविष्यनिर्वाह निधी आणि कंत्राटी कामगारांचे कागद सांभाळत असतो. त्याचा वेळ वाचणे ही चैनीची बाब नव्हे, ती निकडीची गरज आहे.

हा वेळ यंत्र निश्चितच वाचवू शकते. एकाच उमेदवाराचे दुबार अर्ज शोधणे, वय आणि किमान शिक्षण या निर्विवाद अटी तपासणे, मुलाखतीच्या वेळा जुळवणे, प्रत्येकाला पोच आणि निकाल कळवणे, ही सर्व कामे मोजणीची आहेत. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या डिजिलॉकरमुळे अनेक प्रमाणपत्रांची पडताळणीही सोपी झाली आहे. ज्या कामाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतकेच असते आणि ते कोणीही पुन्हा तपासू शकतो, ते काम यंत्राला द्यावे. त्यात कोणाचाही अवमान नाही. किंबहुना, अर्ज केल्यानंतर महिनोन्महिने उत्तराची वाट पाहणाऱ्या तरुणाला वेळेवर कळवलेला नकारही दिलासा देणारा असतो.

गफलत होते ती यापुढच्या पायरीवर. आयटीआयमधून टर्नरचे प्रशिक्षण घेतलेला आणि दहा वर्षे संगणकनियंत्रित लेथ चालवणारा कामगार आपल्या अर्जात ‘लेथवर काम केले’ एवढेच लिहितो. यंत्राला ‘सीएनसी ऑपरेटर’ हे शब्द शोधायला सांगितलेले असतात. ते सापडत नाहीत आणि अर्ज बाजूला पडतो. कारखाना म्हणतो, कुशल माणसे मिळत नाहीत. कुशल माणूस म्हणतो, मला काम मिळत नाही. दोघेही खरेच बोलत असतात. २०२१ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन व जर्मनी या देशांत केलेल्या अभ्यासात ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले की, ठरावीक निकषांत तंतोतंत न बसल्यामुळे उच्च कौशल्याचे पात्र उमेदवारही त्यांच्या छाननीतून बाहेर फेकले जातात. नोकरीत सहा महिन्यांहून अधिक खंड पडलेला उमेदवार वगळणे, हा अशा छाननीचा एक प्रचलित निकष असल्याचेही त्यात आढळले. मुलाच्या संगोपनासाठी वा आजारी सासू-सासऱ्यांच्या सेवेसाठी घरी राहिलेल्या स्त्रीला हा निकष कोणतीही चौकशी न करता दाराबाहेर ठेवतो.

यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते, तेव्हा जुने दोषही शिकते. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्जांना गुण देणारी एक प्रणाली विकसित केली होती. ती मागील दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकली आणि त्या अर्जांत पुरुषांचे प्राबल्य होते. परिणामी, महिलांच्या संस्थांचा वा संघांचा उल्लेख असलेल्या अर्जांना ती कमी गुण देऊ लागली. कंपनीने ती प्रणाली सोडून दिली. २०१८ साली ही हकीकत जगापुढे आली. येथे कोणी दुष्ट हेतूने वागले नव्हते, म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे.

जगाने याची दखल घेतली आहे. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा साधनांची दरवर्षी पक्षपाताच्या दृष्टीने तपासणी करण्याचा नियम लागू झाला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने भरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींना ‘उच्च जोखमीच्या’ वर्गात ठेवले. आपल्याकडे संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक संस्थेला स्वतःहून तीन पथ्ये पाळता येतील.

पहिले पथ्य असे की, यंत्राने बाजूला टाकलेल्या अर्जांतील काही अर्ज दर भरतीत अनुभवी माणसाने स्वतः वाचावेत. त्यात टर्नरसारखे चार अर्ज सापडले, तर निकष बदलावा. दुसरे, ज्याला नाकारले त्याला कारण सांगता आले पाहिजे. ‘संगणकाने गाळले’ हे कारण नव्हे. कारण सांगता येत नसेल, तर तो निर्णय संस्थेने घेतलेलाच नाही, असे समजावे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, वाचलेला वेळ कोठे गेला याचा हिशेब ठेवावा. तो वेळ आणखी हजार अर्ज मागवण्यात गेला, तर ओझे होते तेथेच राहिले. तो उमेदवारासमोर बसण्यात, त्याला यंत्रावर हात चालवून दाखवू देण्यात, त्याचे म्हणणे ऐकण्यात गेला, तरच स्वयंचलन सार्थकी लागले.

प्रत्येक अर्जामागे एक घर असते. कोणी परीक्षाशुल्कासाठी उसनवारी केलेली असते, कोणी शेतीचे काम सोडून शहरात खोली घेतलेली असते. त्या घराला नोकरी देणे प्रत्येक वेळी शक्य नसते. परंतु आपला अर्ज कोणीतरी माणसाच्या नजरेने पाहिला, एवढा विश्वास देणे शक्य असते. यंत्राने खुशाल चाळावे, पाखडावे. ताटापुढे मात्र माणसानेच बसावे.